दोन झाडांचे फणस: कुयरीपासून आठळीपर्यंत (हंगाम २०२५)

कोकणातल्या लांज्यापासून थोडं आत आमचं गाव. घरामागे फणसाची दोन झाडं आहेत, गोठ्यामागचा कापा (घट्ट गऱ्यांचा) आणि विहिरीजवळचा बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा). गेल्या वर्षी जूनमध्ये गेलो तर बरक्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. फुटून पडलेले फणस, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या आणि सगळ्या परसात आंबूस वास. काकू म्हणाली, "खायला माणसं कुठायत आता? गुरं होती तेव्हा निदान चारखंडं तरी त्यांच्या पोटात जायची." चारखंडं म्हणजे गरे काढल्यावर उरणारी काटेरी सालं. ऐकून फार वाईट वाटलं. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं याच झाडाखाली काठीला चीक गुंडाळत बसायचो.

डोंबिवलीत आमच्या घरचा रोजचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. फणस मला भाजीतही आवडतो आणि फळ म्हणूनही. हापूसची पेटी आणि चांगला कापा शेजारी ठेवलात तर माझा हात आधी फणसाकडे जातो. म्हणून यंदा ठरवलं की दोन्ही झाडांवरचा जमेल तेवढा फणस रोजच्या ताटात आणायचा, पहिल्या कुयरीपासून, म्हणजे कोवळ्या फणसापासून, शेवटच्या आठळीपर्यंत, म्हणजे गऱ्यातल्या बीपर्यंत. काय बिघडलं, किती वेळ गेला आणि किती पैसे गेले ते लिहून ठेवतोय. गावी झाड आहे आणि घरात खाणारी तीन-चारच माणसं आहेत, अशांना उपयोगी पडेल.

२३ फेब्रुवारी, रविवार (गावी)

आधी मोजणी केली. कापा ३४, बरका ४१. वरच्या फांद्यांवरचे नीट दिसत नाहीत, त्यामुळे दोन-चार इकडेतिकडे. बरक्याच्या बुंध्याला अगदी गुडघ्याएवढ्या उंचीवर तीन कुयऱ्या एकमेकींना चिकटून आल्या होत्या. काकूने लगेच सांगितलं, "दाटीतल्या आधी काढ. एकमेकींना घासून कुजतात, आणि राहिलेली एकही धड वाढत नाही." म्हणजे भाजीसाठी काढायची ती दाटीतलीच. बाकीच्यांना वाढायला जागा होते.

पाच कुयऱ्या काढल्या, सर्वांत लहान ७०० ग्रॅम, सर्वांत मोठी सव्वा किलो. देठ तोडल्याबरोबर पांढरा चीक धावायला लागला. देठ खाली करून तासभर पडवीत ठेवल्या, चीक गळून गेल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि विलवडे स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने घरी आणल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली कुयरी वाया गेली. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर घाईने चिरायला घेतली आणि सुरीला तेल लावायचं राहिलं. पहिल्याच कापाला सुरी आत अडकली. चीक बोटांना, ओट्याला, नळाच्या तोटीला. साबण लावून पाण्याखाली हात धरले तर तो आणखी घट्ट झाला. चीक पाण्याने सुटत नाही, तेलानेच सुटतो. मला हे माहीत होतं, तरी घाईत विसरलो. शेवटी खोबरेल चोळून कागदाने पुसलं, मग साबण. सुरीचं पातं जरा गरम करून तेलाच्या फडक्याने पुसावं लागलं.

या गडबडीत चिरलेले तुकडे उघडे राहिले आणि काळे पडले. ते तसेच पाण्यात बुडवून कुकरला लावले आणि पाच शिट्ट्या घेतल्या. झाकण उघडलं तर राखाडी लगदा. फोडणी दिली, खोबरं घातलं, पण भाजीला ना चव ना पोत. साफसफाई धरून एक तास पन्नास मिनिटं गेली.

२ मार्च, रविवार

काकूला फोन करून सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. आजची भाजी अगदी मनासारखी झाली. पुढे कितीदा केली, रीत हीच ठेवली.

दोन्ही तळव्यांना, सुरीला आणि पाटाला तेल लावायचं. साल काढण्याआधी कुयरीच्या दोन बोटं जाडीच्या चकत्या करायच्या, म्हणजे साल कडेने सहज निघते. अख्खी कुयरी सोलायला गेलात तर ती हातातून निसटते. चिरलेला प्रत्येक तुकडा लगेच ताक घातलेल्या पाण्यात टाकायचा, म्हणजे काळा पडत नाही. मधला दांडा नखाने टोचून बघायचा. नख शिरलं तर ठेवायचा, नाहीतर काढून टाकायचा. तुकड्यांना हळद, मीठ आणि चमचाभर तेल चोळून कुकरच्या भांड्यात ठेवायचे. भांड्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाणी फक्त खाली कुकरात. तीन शिट्ट्या.

गार झाल्यावर तुकडे खलबत्त्यात घालून ठेचायचे. मिक्सर वापरायचा नाही. मी एक मूठ मिक्सरमधून काढून पाहिली, तिचा गोळा झाला. बत्त्याखाली मात्र तुकडा दबतो, फाकतो आणि त्याचे धागे सुटतात. प्रत्येक धाग्याच्या मुळाशी अजून आठळी न झालेला पांढरा, मऊ मणी असतो. दाताखाली धागा आणि मणी दोन्ही वेगवेगळे लागले की भाजी जमली.

फोडणीला गोडंतेल, मोहरी, हिंग, हळद, चार सुक्या मिरच्या. रात्री भिजवून शिजवलेले शेंगदाणे, सुपारीएवढा गूळ, आणि उतरवताना मूठभर ओलं खोबरं. काकू काळे वाटाणे घालते. मी पुढच्या वेळी तेही करून पाहिलं आणि आता मला तेच जास्त आवडतात. वेळ ५५ मिनिटं. मुलीने तीन पोळ्या खाल्ल्या आणि उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी डब्याला मागून घेतली.

१६ मार्च, रविवार

तिसरी कुयरी जरा जून निघाली. आठळ्यांवर आवरण धरायला लागलं होतं आणि ते शिजूनही चिवटच राहिलं. खाताना ताटाच्या कडेला चोथा काढून ठेवावा लागला. कुयरी कापल्यावर आत पांढरी आठळी वेगळी दिसायला लागली असेल तर ती वरच्या आवरणासकट काढून मगच शिजवायची.

चौथी नऊ दिवस तशीच बाहेर राहिली आणि देठाकडून काळी पडली. अर्धी टाकली. पाचवी मात्र वेळेत चिरली, दोन शिट्ट्या देऊन गार केली आणि पाव-पाव किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाकल्या. पाच कुयऱ्या एकदम आणायच्या असतील तर पहिल्या तीन-चार दिवसांतच सगळ्या चिरून उकडून टाकाव्यात.

मध्ये एकदा इथल्या बाजारातून सोललेली कुयरी आणली, १२० रुपये किलो. वेळ खूप वाचला. चवीत थोडा फरक लागला, कारण ती कधी कापली होती ते कळायला मार्ग नव्हता. घाईच्या दिवसाला ठीक आहे.

६ एप्रिल, रामनवमी

चुलतभाऊ गावाहून येताना पूर्ण वाढलेला पण कच्चा कापा घेऊन आला. सहा किलोचा. वजन करून ठेवलं: गरे १ किलो ८००, आठळ्या ७००, बाकी साडेतीन किलो चारखंडं, गऱ्यांभोवतीची पाती आणि दांडा. अर्ध्याहून जास्त फणस टाकाऊ जातो हे एकदा काट्यावर बघितलं की पुढचे हिशेब नीट बसतात.

गरे उभे चिरून आठळ्यांसकट एकत्र वाफेवर ठेवले. ही चूक झाली. दहा मिनिटांत गरे शिजून मऊ झाले आणि आठळ्या कचकचीत राहिल्या. आठळ्या शिजेपर्यंत थांबलो तर गऱ्यांचा पार गाळ झाला. आता आठळ्या वेगळ्या कुकरला लावतो. त्यांची वरची सालं काढायची, आतला तांबूस पापुद्रा राहिला तरी चालतो. त्या अर्ध्या करून गरे शिजत आल्यावर वर घालायच्या.

१८ ते २० एप्रिल (गावी, तळलेले गरे)

शुक्रवारची सुट्टी जोडून गेलो. झाडावर चढायला वाडीतल्या एकाला बोलावलं, ६०० रुपये. त्याने फणस तोडून टाकला नाही. प्रत्येकाला दोरीचा फास घालून देठ कापला आणि हळूहळू खाली सोडला. आपटलेला फणस आतून काळा पडतो आणि मग त्याचे गरे ना तळता येतात ना तो पिकवता येतो. चार उतरवले. वानरांनी चार आधीच फोडून ठेवले होते.

पहिला नऊ किलोचा. मी थोपटून पाहिला आणि "हा कच्चाच आहे" म्हणून कापला. गरे जरा पिवळसर होते. एक चावून पाहिला तर किंचित गोड. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी पातळ काप करून तळायला घेतले. गोडी उतरल्यामुळे ते बाहेरून भराभर तांबडे झाले आणि आत ओलेच राहिले. गरम असताना कुरकुरीत वाटले, गार झाल्यावर चामट. दोन किलोहून जास्त गरे गेले आणि कढईतलं खोबरेलही काळं झालं. खोबरेल यंदा फार महाग आहे, लिटरला ३४० रुपये मोजले.

काकू तोवर दुसऱ्या फणसावर बोटांच्या सांध्यांनी ठोकून ऐकत होती. तिने मलाही ऐकायला लावलं. तळायच्या फणसाचा आवाज टणटण येतो, लाकडावर मारल्यासारखा. गोडी धरलेला जरा दबका बोलतो. पिकलेल्यावर थाप मारली की बद्द आवाज येतो आणि काटे एकमेकांपासून लांब पसरलेले दिसतात. पहिल्या फणसाच्या उरलेल्या तुकड्यावर मारून पाहिलं, खरंच आवाज वेगळा होता.

दुसरा फणस टणटण वाजणारा. गरे जवळजवळ पांढरे, चवीला काहीच नाही. आठळी काढून अर्ध्या सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापल्या आणि फडक्यावर पसरून तासभर सावलीत ठेवल्या. तेल मध्यम तापवून एका वेळी दोन मुठीच घालायच्या, जास्त घातल्या की तेल थंड होतं. सुरुवातीला कढई जोरात फसफसते. तो आवाज निम्म्यावर आला की चमचाभर मिठाचं आणि हळदीचं पाणी कडेने सोडायचं आणि लगेच मागे सरायचं, तेल उसळतं. फसफस पूर्ण थांबली आणि झाऱ्यावर पट्ट्या एकमेकींवर वाजल्या की काढायच्या. ही वाजण्याची खूण रंगापेक्षा जास्त विश्वासाची.

दोन किलो ३०० ग्रॅम गऱ्यांचे ८६० ग्रॅम तळलेले गरे झाले. दोघांचे साडेचार तास. पूर्ण गार करून स्टीलच्या डब्यात भरले. काकूला एक डबा ठेवला. परतीच्या गाडीत मी अर्धा पाव तरी खाल्ले असतील. घरी केलेल्या गऱ्यांना खोबरेलाचा जो वास येतो, तो मला दुकानातल्या पाकिटात कधी मिळाला नाही.

१ ते ४ मे (गावी, बरका)

बरक्याचे पहिले दोन पिकले. चार-पाच दिवस आधी उतरवून माळ्यावर ठेवले होते. घरात शिरल्याबरोबर वासानेच कळलं.

बरका कापावा लागत नाही. देठ धरून दोन्ही अंगठ्यांनी फाकवला की उघडतो. गरा उचलला की बोटांतून घसरतो. जिभेवर ठेवला की चावण्याआधीच आतला रस निघून जातो आणि आठळी तेवढी राहते. कापा आवडणारी माणसं बरक्याला गिळगिळीत म्हणून नावं ठेवतात. माझ्या आईलाही तो आवडायचा नाही. मला दोन्ही हवेत. पडवीत बसून मी बावीस गरे खाल्ले. काकूने नेहमीप्रमाणे बजावलं की वर पाणी पिऊ नकोस आणि विडा तर मुळीच खाऊ नकोस. मी दोन्ही पाळलं.

मग रस काढला. पहिल्यांदा मिक्सर लावला तर रेषा बारीक होऊन रसातच मिसळल्या आणि रस बुळबुळीत, दोरेदार झाला. पुढचा रोळीवर, म्हणजे बांबूच्या विणलेल्या टोपलीवर, हाताने घासून काढला. रेषा रोळीत राहतात आणि खाली नुसता दाट रस येतो. वेळ तिप्पट लागतो, पण फणसपोळीला (ताटात वाळवलेल्या रसाची पोळी) आणि सांदणांना (रस आणि तांदळाच्या रव्याचा वाफवलेला गोड पदार्थ) हाच रस हवा.

सांदणं दोनदा केली. पहिल्यांदा दोन वाट्या रसात एक वाटी तांदळाचा रवा, गूळ, मीठ, खोबरं घालून वीस मिनिटांत वाफवायला ठेवली. दगड झाली. रवा आत कच्चा, दाताला कण लागत होते. दुसऱ्या दिवशी रवा तुपावर हलका भाजला, गार करून सकाळी रसात भिजवला आणि दुपारी चार तासांनी वाट्यांत घातला. मिश्रण तोवर घट्ट झालं होतं, म्हणून अर्धी वाटी नारळाचं दूध घालून सैल केलं. मोदकपात्रात वीस मिनिटं. सुरी टोचून कोरडी आली. मऊ, जाळीदार, वरून थोडीशी फुटलेली. गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून खाल्ली. रव्याला भिजायला वेळ दिला नाही तर बाकी सगळं नीट करूनही सांदणं होणार नाहीत.

५ ते ७ मे (डोंबिवली, फणसपोळी)

साडेतीन लिटर रस दोन डब्यांत बर्फ ठेवून आणला. दोन लिटरात १५० ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं गरम केला, चार ताटांना तूप लावून पातळ पसरला आणि सोमवारी सकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवला. वर जुनी ओढणी बांधली. पहिला दिवस छान गेला, संध्याकाळी वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता.

मंगळवारी ६ मेला संध्याकाळी ऑफिसात असताना वारा सुटला आणि धुळीमागोमाग पाऊस आला. घरी पोचेपर्यंत ओढणी उडून गेली होती आणि ताटांत पाणी. एक ताट तर पालथंच पडलं होतं. उरलेलं पाणी निथळून पंख्याखाली ठेवून पाहिलं. बुधवारी सकाळी आंबूस वास यायला लागला आणि कडांना बुडबुडे. चारही ताटं टाकून दिली. दोन लिटर रस, दोन दिवस. भिजलेल्या पोळीला वाचवायच्या नादी लागू नये, ती आंबतेच. मे महिन्यात आभाळाकडे न बघता गच्चीवर ताटं सोडून जाणं हीच माझी चूक.

११ मे, रविवार

उरलेल्या दीड लिटर रसाचं काय करावं ते ऑफिसातल्या केरळच्या सहकाऱ्याने सांगितलं. त्यांच्याकडे फणसाला चक्का म्हणतात, २०१८ मध्ये केरळने त्याला राज्यफळ म्हणून जाहीर केलं आणि घरोघरी चक्कवरट्टी होते. त्यांची रीत गरे शिजवून, गूळ आणि तूप घालून गोळा होईपर्यंत आटवायची. मी रसावर केली.

दीड लिटर रस, ५०० ग्रॅम गूळ, चार मोठे चमचे तूप, शेवटी सुंठ आणि वेलची. जाड बुडाची कढई. पहिला पाऊण तास फक्त ढवळणं. नंतर बुडबुडे उडायला लागतात आणि ते हातावर आले की फोड येतो, मला मनगटावर दोन आले. लांब दांड्याचा कालथा घेतला आणि हाताला फडकं गुंडाळलं. एक तास चाळीस मिनिटांनी कढईच्या तळाशी कालथ्याने रेघ ओढली तर ती रेघ तशीच राहिली, मिश्रण परत एकत्र आलं नाही. उतरवलं. तांबडा, चकचकीत ऐवज, ९०० ग्रॅमच्या जवळ.

मुलगी पोळीला लावून खाते. मी एकदा पुरणासारखा भरून पोळ्या केल्या, कणीक जरा सैल ठेवून. छान झाल्या. उन्हावर विसंबायचं नसलेल्या प्रत्येकाला मी फणसपोळीच्या आधी हेच करायला सांगेन.

१८ ते २६ मे

तरीही फणसपोळी सोडवेना. काकूने गावाहून पाठवलेल्या फणसाचा एक लिटर रस काढला आणि १८ तारखेला पुन्हा ताटं मांडली, या वेळी गच्चीऐवजी घरच्या खिडकीत. २० आणि २१ ला पुन्हा जोरदार पाऊस. ताटं ओव्हनमध्ये हलवली, ७० अंश, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवली. एका वेळी एकच ताट मावतं, एका ताटाला सहा तास. तीन संध्याकाळी यात गेल्या. कडा कडक झाल्या, मध्य लवचीक राहिला, रंग उन्हातल्यापेक्षा गडद. चवीला बरी आहे. उन्हात वाळलेली पोळी जशी दाताखाली ताणली जाते तशी ही ताणली जात नाही.

२४ ला मान्सून केरळात आणि २६ ला मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे उन्हाचे दोन आठवडे यंदा मिळालेच नाहीत. काकूचं फोनवर म्हणणं असं की एप्रिलअखेर पिकणारं झाड असेल तरच पोळी घालावी, मेच्या मध्याला पिकणाऱ्याची सांदणं करावीत. पुढच्या वर्षी तसंच करणार.

१० जून, वटपौर्णिमा

बायकोच्या वाणाला गरे, आंबे आणि जांभळं. शेवटचा कापा आज कापला. पावसात भिजलेल्या फणसाला गोडी कमी असते आणि गरे पाणचट होतात, हे लगेच जाणवलं. गरे खाऊन उरले ते फ्रीझरमध्ये न टाकता शेजाऱ्यांना दिले. मागच्या महिन्यात कापा गरे गोठवून पाहिले होते, बाहेर काढल्यावर त्यांचा कुरकुरीतपणा गेला होता. मार्चमध्ये गोठवलेल्या कुयरीची भाजी मात्र याच आठवड्यात केली आणि ताज्या भाजीत नि तिच्यात फारसा फरक लागला नाही.

झाडांचा हिशेब काकूबरोबर बसून केला. ७५ पैकी ५ कुयऱ्या आणि १६ फणस आमच्या पोटात. १८ वाडीत आणि नातेवाइकांत वाटले. ९ वानरांनी नेले. २७ पडून कुजले. गेल्या वर्षी जवळजवळ सगळाच बरका पडला होता, त्या मानाने बरं, पण २७ हा आकडा मला टोचतोय. यातले बहुतेक बरक्याच्या शेंड्याकडचे, आणि ते उतरवायला मेच्या मध्याला माणूस मिळाला नाही.

खर्च: चढणाऱ्याचे दोन वेळचे १,२००, खोबरेल २ लिटर ६८०, गूळ, साखर, तूप, रवा मिळून ५५० च्या आसपास. एकूण २,४३०. गाडीभाडं आणि ओव्हनची वीज यात धरलेली नाही.

२९ जून, रविवार

आठळ्यांची चूक. मेपासून साठलेल्या साधारण दोन किलो आठळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फडताळात ठेवल्या होत्या. आज उघडल्या तर आतून दव धरलेलं, निम्म्यांना बुरशी, काहींना मोड. एक किलोच्या वर टाकल्या. मोड आलेल्या लावून टाक असं मुलगी म्हणाली. पण आठळीचं झाड मूळ झाडासारखंच निघेल याची खात्री नसते, कापा लावावा आणि बरका यावा असंही होतं. लावायचं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण प्रॉलिफिक' या फणसाच्या जातीचं कलम आणीन.

उरलेल्या धुऊन, पंख्याखाली दोन दिवस सुकवून, काकूने सांगितल्याप्रमाणे कोरड्या मातीत घातल्या. जुन्या मडक्यात बोटभर माती, त्यावर आठळ्यांचा थर, परत माती. एकीला दुसरी चिकटू द्यायची नाही. मडक्याच्या तोंडाला फडकं, झाकण नाही.

थोड्या ओव्हनमध्ये भाजायला ठेवल्या आणि दहाव्या मिनिटाला एक फटकन फुटली, आतून पांढरा भुगा सगळीकडे. भाजायच्या आठळीला आधी सुरीने चीर द्यायलाच हवी. चीर दिलेल्या बाकीच्या नीट भाजल्या. गरम असताना साल काढून मिठाबरोबर खाल्ल्या, पावसाच्या संध्याकाळी चहाआधी दोघांनी मिळून बशीभर.

जुलै

या महिन्यात नोंद करण्यासारखं थोडं. आठळ्या मिठाच्या पाण्यात तीन शिट्ट्या देऊन उकडल्या, डब्याला दिल्या. तांदुळजाच्या भाजीत ठेचून घातल्या, लसणाच्या फोडणीवर. ही भाजी आता आठवड्यातून एकदा होते. मसुराच्या आमटीतही चांगल्या लागतात, फक्त आमटी थोडी पातळ ठेवावी लागते, कारण पिठूळ आठळ्या तिला दाट करतात. मडकं दर पंधरा दिवसांनी उपसून पाहतो. एकदा तीन मऊ निघाल्या, त्या काढल्या.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

मडक्यात शेवटच्या ४१ आठळ्या होत्या. ३६ चांगल्या, ५ किडक्या. आमच्याकडे ऋषीच्या भाजीत आठळ्या चालतात, बैलाच्या कष्टाचं त्यात काही नसतं म्हणून. अळू, सुरण, भोपळा, पडवळ, माठ, मक्याची कणसं असं सगळं चिरून झाल्यावर आठळ्या सोलायला घेतल्या. दोन महिने मातीत राहून वरचं साल इतकं सुकलं होतं की नखाने टचकन निघत होतं. आतली आठळी घट्ट आणि पांढरी.

अळूच्या आंबटसर रसात शिजून त्या फुगल्या आणि दाताखाली उकडलेल्या बटाट्यापेक्षा घट्ट, शेंगदाण्यापेक्षा मऊ लागल्या. फोडणी नाही, मसाला नाही, नुसतं मीठ, मिरची आणि खोबरं. काकू गणपतीला इकडेच आली होती. तिने वाटीतल्या आठळ्या आधी वेचून खाल्ल्या, मग भाजी. संध्याकाळी मडकं रिकामं करून माती परातीत पसरली आणि गॅलरीत सुकत ठेवली, पुढच्या जूनला लागेल म्हणून.